वजन म्हणून

पोस्टातल्या बाईकरवी तेगिदला निरोप धाडला:
तासभर ये. बोलायचं नाही.
गाडीत बसायचंय, वजन म्हणून.

तो आला. मेंढ्या कोंडून तसाच,
बुटांना शेण, डोक्यावर टोपी,
आणि डाव्या सीटवर बसला.
उजवीकडे माझ्या वजनाइतक्या स्लेटच्या फरश्या
मी आधीच रचून ठेवल्या होत्या, सातवी जरा तुटकी.
मी खड्ड्यात उतरले.

खालून गाडी निराळीच दिसते.
चौसष्ट सालचा हिरवा रंग, लाकडी स्टिअरिंग,
जत्रेत पोरं हात फिरवतात ते लांबलचक बॉनेट,
सगळं वरच्यांसाठी.
खाली नुसता आडवा ॲक्सल,
दोन पाट्यांच्या भरवशावर.
पाटे वरखाली झुलायला केलेले.
आडवं कोणी रेटलं तर तेही बिचारे कूस बदलतात,
झिजल्या रबरी बुशांतून बोटभर इकडे, बोटभर तिकडे,
आणि वर बसलेल्याला वाटतं, रस्ताच सरकला.

तेरा वर्षांपूर्वी घाटात, चॅपलजवळच्या वळणावर,
तेगिद चालवत होता.
भिंतीचे दगड ओढ्यात गेले, माझं मनगट मोडलं.
तो म्हणाला, मी नाही गं नेस्टा,
मागून कोणीतरी ढकललं.
मी म्हणाले, हो, बाटलीनं.

एवढंच बोलणं.
त्यावर तेरा हिवाळे, आणि गाडीवर ताडपत्री.

मागच्या महिन्यात मागचं चाक काढलं
तर मडगार्डच्या आतल्या अंगाला
टायरनं खरवडलेली चर,
चंद्रकोरीएवढी,
तेरा वर्षांच्या गंजानं भरलेली.
बोट फिरवलं. बोट तांबडं झालं.
ढकललंच होतं कोणीतरी.

मग ही दांडी केली. पॅनहार्ड रॉड म्हणतात.
एक टोक चासीला, दुसरं पलीकडे ॲक्सलला:
वर जा, खाली जा, बाजूला जायचं नाही.
तेही पुरतं खरं नाही.
दांडीचं टोक कमानीत फिरतं, केसभर सरकतंच.
म्हणून दांडी जमेल तेवढी लांब घ्यायची
आणि गाडीत माणसं बसलेली असताना,
पाणसळ लावून, अगदी आडवी झाली की
मगच आवळायची.

ब्रॅकेटला तीन भोकं पाडली होती.
मधलं, तेगिदचा हिशेब धरून.
तेरा स्टोनचा तेगिद,
लग्नात ज्याच्याखाली बाक मोडला तो.

बुडबुडा मधे येईना.
पाणसळ उलटी करून पाहिली. चाकांतली हवा पाहिली.
नीट बस, मी खालून ओरडले.
बसलोय, तो म्हणाला.

मग लक्षात आलं.
त्याच्या बाजूला गाडी उंच राहिली होती.
पाटा दबलाच नव्हता पुरता.
दोन स्टोन तरी. तीनही असतील.

खालून चेहरा दिसत नाही.
सीटखालचा पत्रा दिसतो,
आणि तो खोकला की
पाट्याचं टोक किंचित हलतं.

विचारायचं होतं.
न बोलायची अट माझीच.

बोल्ट काढून खालच्या भोकात घातला.
बुडबुडा रेंगाळला, आला, थांबला.
आवळताना मनगट दुखलं,
थंडीत दुखतंच ते.

झालं का? वरून आवाज.
अजून थोडं, मी म्हणाले.
नट केव्हाच बसला होता.
पाना नुसता लावून धरला होता मी,
त्याच्या वजनाखाली उभी राहून,
आहे तेवढ्या.

वर त्यानं काचेवरची धूळ पुसली असावी,
बोटाचा करकर आवाज आला.
मग म्हणाला,
घाटापर्यंत जाऊन बघायचं ना?
की चालवणार या फरश्याच?