कानखुणा

तुम्मासने कॉम्प्युटर आणला घोंगडीत गुंडाळून,
थंडीत जन्मलेलं कोकरू आणतात तसा.
क्लाक्सव्हीकच्या धक्क्यावर माझं दुकान,
वारा असा आडवा, की दार लावायला दोन माणसं लागतात.
मागोमाग होगनी आला, रिकाम्या हातांनी.
दार दोघांनी मिळून लोटलं,
आणि मग दोघंही माझ्याकडे बघू लागले,
एकमेकांकडे नाही.

भांडण एका मेंढीचं.
डावा कान टोकाला चिरलेला, उजव्याला मागून खाच.
आमची खूण, म्हणतो तुम्मास.
आमच्या आज्याची, म्हणतो होगनी.
गावाच्या कानखुणांची वही पाद्रीबाईंनी कधीतरी
स्कॅन करून एका सीडीवर घातली.
वही पुढे भिजली, पाद्रीबाई डेन्मार्कला गेल्या,
सीडी राहिली या यंत्राच्या पोटात,
आणि यंत्र तोंड उघडेना.

बटण दाबलं. घर्र, खट्, गप्प.
पुन्हा घर्र, खट्.
तुम्मासने खिशातून सुरी काढली, मासे चिरायची.
"ठेव ती आत. हा शिंपला नव्हे."

आधी वीज बंद.
मग कागदाची क्लिप सरळ करायची.
ट्रेच्या खाली एक बारीक भोक असतं,
बनवणाऱ्याने आधीच धरून चाललेलं,
की हे कधीतरी अडणार.
तार सरळ आत, वाकडी नाही, जोर नाही.
बोटभर ट्रे बाहेर येतो,
पुढचं आस्ते आस्ते, येईल तेवढंच.

आत लोकर.
करडी, तपकिरी, तेलकट लोकर, कानाकोपऱ्यात.
अठरा वर्षं स्वानहिल्द या टेबलाशेजारी सूत कातत होती.
रबरी पट्टा ढिला, जुन्या लेंग्याच्या इलॅस्टिकसारखा.
तो मी चहाच्या गरम पाण्यात टाकला,
थोडा आवळतो, नवा येईपर्यंत भागतं.

मग भिंग. मसुराच्या डाळीएवढं, निळसर.
होगनी वाकला, गाल फुगवून फुंकर घालायला,
आणि तुम्मासने त्याची बाही धरली.
"तोंडाचा ओलावा बसतो रे त्यावर."
हे त्याला कुठून कळलं, कोण जाणे.
बाही जरा जास्तच वेळ हातात राहिली.

कापसाची काडी, स्पिरिटचा एक थेंब,
पापणी पुसावी तसं.

आणि ट्रेमध्ये एकावर एक दोन तबकड्या.
अडलं होतं ते यामुळेच.
वरची मुलांच्या खेळाची, तिच्यावर हसरा देवमासा.
होगनी म्हणाला, "ही आमच्या मार्जूनची.
आठ वर्षांची होती. तुमच्या आयनारने नेली, म्हणायची.
तुम्ही म्हणालात, नाही नेली."
तुम्मास खिडकीबाहेरच्या बोटी मोजत राहिला.
आयनार आता ग्रीनलंडच्या बाजूला ट्रॉलरवर असतो.

मी खालची सीडी पुसायला घेतली.
मधल्या भोकापासून काठाकडे, सरळ रेघेत.
गोल गोल कधीच नाही.
आडवा ओरखडा यंत्राला ओलांडता येतो,
वाटेच्या बरोबरीने गेलेला नाही.

पट्टा बसवला. वीज दिली.
तबकडी आधी कण्हली, मग घूं घूं फिरू लागली.
हळूहळू पानं उघडली:
शाईचे कान, शेकडो कान, जोडीजोडीने,
चिरलेले, खाचलेले, टोचलेले.
एकेचाळिसाव्या पानावर ती खूण.
मालक: चर्च.

"चर्चची?" तुम्मास.
"चर्चची," होगनी.
"पण हिवाळाभर चारा तर मी घातला."
"आणि कड्यावरून खाली कोणी आणली?"

भांडण पुन्हा सुरू झालं, पण आता एकाच बाजूने.

मी दोन प्रती काढून दिल्या, एक पेन ड्राइव्हवर.
सांगितलं, महिन्यातून एकदा चालवा.
सीडी आत विसरू नका. कातणं दुसऱ्या खोलीत.
आणि ट्रे हाताने ढकलायचा नाही, बटण असतं त्याला.
"हो हो," तुम्मास म्हणाला,
आणि तळव्याने ट्रे ढकलला.

होगनीने देवमासा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.
दारापाशी पुन्हा काढला.
"चालेल का ही अजून?"
ओरखडे बघितले. सगळे गोल.
"घरी लावून बघ," मी म्हटलं.
त्याच्या घरी ड्राइव्ह नाही, हे मला माहीत होतं.
तुम्मासलाही.