कानोसा

ह्राच क्रास्नोदारला कामाला गेला, तेव्हा जुना फोन टेबलावर ठेवून गेला,
काच तडकलेली, सिम काढून घेतलेलं.
"आई, तुला तसाही काय उपयोग," असं काहीसं म्हणाला असावा.
मिशा वाढवल्यापासून त्याचे ओठ मला नीट वाचता येत नाहीत.

बहिरीच्या घरी मुका फोन.
शेजारची अरुस्याक हसली. तिचे खांदे हलले, म्हणून कळलं.

पहिल्यांदा तो कामी आला सुईसाठी.
लग्नाचा झगा शिवताना गालिच्यात सुई पडली,
आणि दुपारी तिथेच वारसेनिकचं रांगतं पोर येणार.
गुडघे टेकले, गालिच्यावरून फोन फिरवला, इस्त्री फिरवतात तसा, अगदी टेकवून.
होकायंत्रासाठी आत जे काही बसवलंय त्याचा आकडा
अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास,
आणि शिवणयंत्राच्या पायापासून हातभर लांब, एकदम त्र्याहत्तर.
सुई.
पुढे आणखी एक टाचणी, आणि लोखंडी बटण,
कुठल्या कोटाचं, कोणाच्या, ते आठवेना.

मग मला चटकच लागली.
टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं,
डोळ्यांना न दिसणारा जांभळट ठिपका पडद्यावर लुकलुकला.
म्हणजे रिमोट धडधाकट, बिघाड टीव्हीत.
काळ्या कापडावर काळा दोरा असला की उजेड मोजते,
तीनशेच्या खाली आला की सुई खोवून ठेवते, चहा टाकते.

एकदा दार लावून घेतलं, आवाज मोजायचं उघडलं,
आणि स्वतःलाच हाक मारली: शुशानिक!
एक्क्याऐंशी.
अगं बाई. इतकी वर्षं मी या आवाजात लोकांची मापं घेत होते?
भर दुकानात, कंबर किती, छाती किती.
आता अरुस्याक आली की फोन बशीला टेकवून ठेवते,
आणि साठावर बोलते.
ती पुढे वाकते, म्हणते, काय?

घर आमचं लाकडी खोपटं, भूकंपानंतर तात्पुरतं म्हणून मिळालेलं.
छत्तीस वर्षं तात्पुरतं.
त्या डिसेंबरात छताखालून मला काढलं तेव्हा कान गेले होते,
आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: तोलही जाईल, भिंत धरून चाला.
चालले.
परवा फळी ठोकायला फोनमधली पातळी उघडली, सहज जमिनीवर ठेवली.
साडेतीन अंश. उत्तरेकडे.
दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. साडेतीन.
जमीनच कलंडलेली होती,
आणि मी इतकी वर्षं स्वतःला सावरत होते.

मक्रतिचने जॅक लावून चार विटा सरकवल्या, मग आणखी एक अर्धी.
मी स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत दोन्ही हातांत ताटं घेऊन गेले.
तो बघत होता, तोंडात खिळे.

भिंतीला कान असतात म्हणे.
माझ्या भिंतीला मी एक लावून घेतला:
चौकटीला चिकटपट्टीने फोन, कोणी दार ठोठावलं, लाकूड थरथरलं
की त्याची बत्ती लुकलुकते.
पोस्टमन आता खिडकीशी हात हलवत उभा राहत नाही.

काल रात्री दोनच्या सुमाराला
अख्खी खोली पांढरी, काळी, पांढरी.
मी मक्रतिचला ढोसलं, कोट चढवला, कागदपत्रांची पिशवी घेतली,
आणि अंगणात, बर्फात, चपलांवर.
गल्लीत एकही दिवा नाही. तारा स्थिर. कोणाचं काही पडलेलं नाही.
पायरीवर अरुस्याकचा कुत्रा,
आमच्या दाराला पाठ घासत होता, डोळे मिटून, मनापासून.

त्या ॲपमध्ये एक पट्टी असते, सरकवली की फोन जरा कमी हळवा होतो.
सकाळी मक्रतिचने बोट ठेवून दाखवली.
मी पट्टी तशीच ठेवली.
कुत्र्याला पावाचा तुकडा टाकला, आणि झग्याच्या बाह्या घेतल्या.