दातेरी

पुंता अरेनासला वारा सुटला
की चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालायला.
जूनमधल्या एका मंगळवारी तो दोर धरत धरत
एव्हारिस्तो बाराओना माझ्या दुकानात आला. हातात काडेपेटी.
मी म्हटलं, दात पडला वाटतं.
तो म्हणाला, नऊ पडले.

काडेपेटीत कापसावर एक चाक.
शंभर पेसोच्या नाण्याहून थोडं मोठं, राखी,
नखाने दाबलं तर कडेचा भुगा होईल असं.
शिकागोत ओतलेलं, सेहेचाळीस साली.
जस्तात शिसं गेलं होतं, तो म्हणाला,
असा आजार आतून येतो,
वीस-वीस वर्षं काही दिसत नाही.
मी मान डोलावली.
माझ्याकडे येणारे सगळे हेच सांगतात.

बाकी रिसीव्हर धडधाकट.
व्हॉल्व्ह तापतात, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो,
काचेमागे पिवळा दिवा लागतो.
फक्त बटण फिरवलं की बटणच फिरतं.
सुई गेले आठ महिने
एकाच खरखरीवर ठाण मांडून.

वाल्पाराइसोच्या भंगारवाल्याने चाक पाठवलं,
मापाला तेच, दाते दोन जास्त.
ओहायोत एकाकडे असे तीन सेट आहेत, अख्खे.
त्याच्यापुढे याने दाताच्या कण्या केल्या.
त्याचं उत्तर आलं:
एकाचं काढून तुला दिलं तर माझ्याकडे दोनच राहतील.
हिशेब बरोबर आहे, एव्हारिस्तो म्हणाला,
राग कशावर धरू?

मी तेहतीस वर्षं कवळ्या करते.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,
माझं भरलं.
पण साठ दात एका ओळीत, आणि ओळ गोल,
असं तोंड मी पाहिलं नव्हतं.

एका बाजूचे अकरा शाबूत होते.
त्यांचा साचा घेतला, मेणात उतरवला,
सरकवत सरकवत वर्तुळ पुरं करत नेलं.
शेवटचा दात पहिल्याला भेटेना,
केसभर फट.
तीन रात्री त्या केसाशी भांडले.

क्रोम-कोबाल्टचं ओतू का, विचारलं.
नको, पलीकडचं चाक पितळेचं आहे,
हे त्याला खाऊन टाकेल.
मला लाज वाटली.
डॉक्टरांना मीच तर सांगत आले इतकी वर्षं,
समोरचा दात जुना असेल
तर नवा त्याच्याहून कडक नको;
झिजायचंच कुणी, तर नव्याने.

मग ॲक्रिलिक.
पहिलं आक्रसलं, आत टाकल्यावर खडखडलं.
दुसरं बसलं.
रंग माझ्याकडे एकच, हिरडीचा.
त्या काळ्याकरड्या लोखंडात, धुळीत, तारांत
ते गुलाबी चाक
इतकं उघडं दिसत होतं
की झाकण लावेपर्यंत मीच दुसरीकडे पाहिलं.

सुई हलली.
सातपासून निघाली, सव्वासातला एक गचका बसला
(तो माझा केस, अजून आहे तिथे)
आणि पुढे गेली.
शिट्ट्या, एक बाई आकडे वाचत असलेली,
मग टिपटिप, बारीक, फार लांबची.
कुठून, मी विचारलं.
त्याने हात वर केला, थांब.

मग अकरा वर्षांपूर्वी मी केलेली वरची कवळी
त्याने तोंडातून काढली,
रिसीव्हरच्या कोमट पत्र्यावर ठेवली.
ती किटकिटते, बोळक्या तोंडाने तो म्हणाला,
मोर्स ऐकताना मधे येते.

मी स्टुलावर बसून राहिले.
वर एक, आत एक,
दोन्ही माझ्याच हातचे.
तो ऐकत होता, गाल आत गेलेले,
पेन्सिलने बिलाच्या पाठीवर अक्षरं मांडत.
ते बिल माझंच होतं.
मी ते मागितलं नाही.