नावं ठेवण्याचं काम

पोल्वाजवळच्या रोपवाटिकेत, मागच्या खोलीत,
खतांच्या पोत्यांना पाठ टेकून
माझं आणि वीवेचं दिवसभर एकच काम:
झाडांना नावं ठेवणं.
वाईट अर्थाने नव्हे.

अंतोनोव्का. टेलिस्सारे. लीवी कुल्डरेनेट.
पट्टी पुढे सरकते, तिच्या अंगाला अंग लावून
काळी रिबन, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
आणि वर बारीक ठिपक्यांची एक रांग.
एकेक ठिपका डोळा लवायच्या आत
तापतो, निवतो, पुन्हा तापतो.
जिथे चटका बसला तिथलीच शाई
वितळून पट्टीला चिकटते.
बाकीची रिबनवर तशीच बसून
पुढे जाते, गुंडाळली जाते,
परत कामाला येत नाही.

मेणाची रिबन स्वस्त, वीवे सांगते,
पण नखाने खरवडली की गेली.
हेरिंगच्या खोक्यांना चालते,
त्यांचा दोन दिवसांचा तर प्रश्न.
झाडाला राळेची लागते: ताप जास्त, घाई कमी.
"बर्फात उभं राहायचंय त्याला,"
माणसाबद्दल बोलावं तसं म्हणते.

हे आम्ही ठेच लागून शिकलो.
तिच्या नवऱ्याने, हेल्दुरने, एका वर्षी
रिबनचे पैसे वाचवायला
नुसत्या उष्णतेने काळा पडणारा कागद आणला,
दुकानातल्या पावतीचा असतो तसला.
जूनमध्ये इथे ऊन झोपायला जात नाही.
ऑगस्टात तीनशे बारा पट्ट्या
कोऱ्या करकरीत, वाऱ्यावर हलत,
आणि खाली तीनशे बारा कलमं
एकसारख्या पानांची, गप्प.

हेल्दुर त्याच हिवाळ्यात गेला.
बिननावाची झाडं कोण घेणार?
वीवेने ती कुंपणापलीकडे लावून टाकली,
कुठलं कुठे, न बघता.

सात वर्षं.

काल तिने पहिलं फळ चावलं,
डोळे मिटले. "अंतोनोव्का."
मी बटण दाबलं.
"टेलिस्सारे." बटण.
तिसरं तिने बियांसकट खाल्लं,
हाताची बोटं चाटली, म्हणाली,
"ओळखत नाही. याला त्याचंच नाव छाप."

रिबन तेवढ्यात संपली.
वापरलेलं रीळ मी उलगडून खिडकीत धरलं:
काळ्यात पारदर्शक अक्षरं,
जे जे इथून निघून गेलं
त्याच्या मापाच्या रिकाम्या जागा.
अगदी शेवटी, हेल्दुर.
शाईचा थेंब नाही,
पलीकडचं कुंपण तेवढं
त्याच्यातून दिसत होतं.