कडता

त्रिशला मगदूमच्या हळदीचं फुटेज
कवलापूरहून पेन ड्राइव्हमध्ये आलं,
चार तास अकरा मिनिटं.
रंग लावायला घेतला आणि
नवरीच्या गालावर हळद उरलीच नाही,
एक सपाट पिवळा डाग,
रबरी शिक्का मारल्यासारखा.
बोटांचे ओघळ गेले,
आत्याच्या अंगठीचा ओरखडा गेला.

हे सॉफ्टवेअर मी फुकट म्हणून घेतलं होतं.
ते उघडंही आहे, हे पुढं कळलं:
झाकण काढून आत हात घालता येतो,
गणपती पेठेत सायकलवाला घालतो तसा.

रात्री आत शिरले.
रंगाचा इफेक्ट, त्यावर उजेडाचा,
त्यावर वक्ररेषेचा,
आणि प्रत्येकाच्या दारात एकच नियम:
दोनशे पंचावन्नच्या वरचं छाटा, पुढं पाठवा.
पुढचा पुन्हा छाटतो.

"काय करायलीस गं अजून?"
अण्णा पाणी प्यायला उठलेले.
मिरजेत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन
बावीस दिवस झालेले.
मी सांगितलं, जमेल तसं.
त्यांनी खुर्ची ओढली.
"म्हंजे कडता की.
पोत्यामागं हितं थोडं, तितं थोडं,
जो हात लावंल त्यो कापून घेतोय.
शेवटाला पेठंत पोचतंय काय? नाव."

एकतीस वर्षं मार्केट यार्डात
हळकुंड मोडून, गाभा बघून
प्रत सांगणारा माणूस.
त्यांनी सांगितली की बोली सुरू.

सात ओळी खोडल्या, दोन लिहिल्या.
जादा उजेड अपूर्णांकात तसाच राहू दिला,
एका इफेक्टकडून दुसऱ्याकडे
उघड्या तोंडाच्या पोत्यानं नेला.
छाटायचं ते अगदी शेवटच्या दारात.
पंखा घरघरायला लागला.
पहिल्यांदा अख्खं लग्नघर जांभळं झालं,
एक कंस चुकला होता.
दुसऱ्यांदा काहीच झालं नाही.
पावणेतीनला गाल परत आला:
ओघळ, ओरखडा,
कानामागं राहून गेलेली कोरडी जागा.

सावळी आहे त्रिशला.
पेन ड्राइव्हबरोबर तिच्या भावाची चिठ्ठी होती,
जरा उजळ करा.
ती मी माऊसखाली ठेवली.

दुरुस्ती पाठवताना कारण लिहावं लागतं.
लिहिलं: मधला कडता बंद.
मग खोडून
दूरदेशी कुणालाही कळेल असं लिहिलं.

अण्णा अजून बसलेलेच.
डावा डोळा झाकला, पडद्याकडं बघितलं.
मग उजवा.
पुन्हा डावा.
"नव्या डोळ्यानं लिंबाच्या सालीगत दिसतंय,
जुन्यानं मुरलेल्या राजापुरीगत.
खरं कुठलं?"

मी वेव्हफॉर्म दाखवला.
त्यांना तो महापूर ओसरल्यावर
भिंतीवर राहिलेल्या ओलीसारखा वाटला.
मोतीबिंदूनं सगळं पिवळट दिसतं,
हे डॉक्टरांनी सांगितलं होतं.
तेव्हा आम्ही दोघंही नुसती मान हलवून
थेंबांच्या वेळा लिहून घेतल्या होत्या.

"किती वर्सं वाढत असंल हे आत?"
"हळूहळू वाढतं, अण्णा."
"मग मी भाव कशाला सांगत हुतो?"

मी एक्स्पोर्ट लावलं.
नऊ टक्के. अकरा.
ते आत गेले. डब्यांचा आवाज.
हळकुंड घेऊन आले,
कट्कन मोडलं,
गाभा पडद्यापाशी धरला,
त्रिशलाच्या गालाला लागून.
डावा झाकला. उजवा झाकला.
बोटांना पिवळं लागलं ते
सदऱ्याला न पुसता तसंच धरून बसले.

सतरा टक्के.
"सोमवारी दुसऱ्याचं हाय न्हवं?
आठ दिवस फुडं ढकलता येतंय का
इचारून बघ."