ऑक्टोबरचा मोसम, वडगाव

यंदा सात नव्या मालिका धरल्या.
चार दुसऱ्या भागालाच सोडल्या:
तलवारी, शाळेचे गणवेश, परत जन्मलेला कारकून,
आणि एक, जिच्यात सगळेच रडत होते
कारण सांगायचं विसरून.

उरल्या तीन.
मोबाईल कांड्यांच्या पेटीला टेकवून ठेवते.
धोटा हिकडून तिकडं, तिकडून हिकडं,
चार माग एकदम बोलायला लागले
की वडगावात कुणाचंच काही ऐकू येत नाही.
मी खालच्या ओळी वाचते, इंग्लिश, अडखळत.
धागा तुटला की उठायचं, गाठ मारायची,
तोवर पडद्यावर कुणीतरी मेलेलं असतं.

दोघींचं जाऊ दे. दीपगृहातल्या पोरीचं सांगते.
तिची नोकरी एवढीच, दिव्याची काच पुसायची.
तिसऱ्या भागात तिनं अख्खी दोन मिनिटं काच पुसली.
तेवढ्यात माझं वीतभर लुगडं पुढं सरकलं.
चित्र काढणाऱ्यानं तिच्या कोपरावर भाजल्याचा डाग दिलाय,
दरवेळी त्याच जागी, न चुकता.
कुणातरी आत्याच्या हातावर बघितला असणार त्यानं.

आवाज मीच दिला होता तिला:
बारीक, काचेचा, थोडा माझ्या भाचीचा.

मग एक नोव्हेंबर आला.
हिकडं लाल-पिवळे झेंडे, तिकडं काळ्या फिती,
मधे पोलिसांची गाडी, गाडीत पेंगणारा हवालदार.
माग बंद.
शेजारची गंगव्वा उकडलेल्या शेंगा घेऊन आली,
पाय पसरून बसली भिंतीला.
मी पाचवा भाग लावला

आणि ती बोलली.
जाड, खरखरीत आवाज,
रात्रपाळी करून आलेल्या बाईचा.
मी मोबाईल पालथाच घातला झटकन,
न विचारता कुणाच्या घरात शिरल्यासारखं झालं.

"यार दनी इदु?" गंगव्वा म्हणाली.
कुणाचा आवाज. काय सांगू तिला?
भाषा कुठली, हे तिनं विचारलंच नाही.
शेंग सोलत एवढंच म्हणाली कानडीत,
घसा बसलाय गं पोरीचा,
समुद्राचं वारं, दुसरं काय,
आल्याचा कषाय द्यायला पाहिजे कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी माग सुरू.
सहावा भाग परत मुका.
पण तिचे ओठ हलले की
कुठंतरी खरखर होते.
तीन नंबरचा माग असेल म्हणून
दोनदा उठून
तेल घातलं मी.