अकरा सेकंद

रात्री पावणेदोनला फोन. सुरसागरात काहीतरी आहे,
दोन मुंडकी, काळी तुकतुकीत पाठ,
आणि ते रडतं.
दांडिया बाजारातले पागेदार बोलत होते,
बँकेत तीस वर्षं लोकांच्या सह्या पडताळलेला माणूस.

व्हिडिओ अकरा सेकंदांचा. त्यातले नऊ अंधाराचे.
उरलेल्या दोनांत ट्रकच्या टायरची ट्यूब
आणि तिच्यावर बसून भांडणारे
दोन रातबगळे.

मी पोचेतो कठड्याला लिंबू-मिरची लागली होती.
सोमवारी शाळा बंद, असंही कुणी ठरवून टाकलेलं.
आकड्याने ट्यूब ओढून मी पायरीवर ठेवली.
हात कुणी लावेना.
"तुम्हाला बघून गेलं ते," पागेदार म्हणाले
आणि दोन्ही हात जोडले.
मला.

याचं काय करायचं, अजून कळलेलं नाही.

परतताना काळ्या घोड्याच्या पुलावर थांबलो.
खाली विश्वामित्रीत मगर. आठेक फूट, निम्मी चिखलात,
बॅटरी पडताच डोळे निखारे.
चहावाला कप विसळत होता.
वाकून बघितलंही नाही त्याने.
"ती होय? ती रोजचीच.
तलावातलं काय झालं, ते सांगा."